मुलांच्या वहीतली श्रीलंका

परदेशाची माहिती म्हणजे राजधानी, चलन, मुख्य पीक आणि लोकसंख्या, अशी आपल्या मुलांची समजूत असते. परीक्षेपुरते पाठ होते आणि निकालाबरोबर विसरलेही जाते. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावी ते आठवीची चोवीस मुले-मुली येतात. कुणाचे वडील नाक्यावर उभे राहतात, कुणाचे रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते. भिशीत दोन वर्षे पैसे साठवून आम्ही सतरा जण जानेवारीत श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जाणार होतो. तेव्हा असे ठरवले की, जाणारे आपण असलो तरी देश आधी मुलांनी पाहावा आणि आपण त्यांचे प्रश्न घेऊन जावे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे पाच गट केले : पाणी, चहा, शाळा, भाषा आणि समाज. प्रत्येक गटात एक शोधणारा, एक लिहिणारा, एक नकाशा काढणारा आणि एक सर्वांसमोर बोलणारा. उरलेल्याने बाकीच्यांचे तपासायचे. नियम तीनच. आधी प्रश्न लिहायचा, मग उत्तर शोधायचे. कोणतीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय वहीत उतरवायची नाही. मोबाइलवर मिळाले तर विश्वकोशात किंवा ग्रंथालयातल्या पुस्तकात पडताळायचे. आणि लिहायचे ते आपल्या शब्दांत. जे सापडले नाही, ते प्रश्न दोनशे पानी वहीत आमच्यासाठी. असे एकसष्ट प्रश्न जमले.

पहिला आश्चर्याचा धक्का नकाशा गटाला बसला. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर. एका महाराष्ट्रात साडेचारांहून अधिक श्रीलंका मावतील! एवढ्याशा बेटाचा एवढा इतिहास कसा, हाच मग सगळ्या गटांचा प्रश्न झाला.

तळ्यांचा देश

अनुराधपूर हा कोरडा मुलूख. पाऊस पडतो तो वर्षातले थोडेच महिने. तरी तिथे हजार-दीड हजार वर्षे राजधानी नांदली, ती तळ्यांच्या जोरावर. पाणी गटाने हे शोधून ठेवले होते की, ही तळी एकाखाली एक अशी साखळीने बांधलेली असतात. वरच्या तळ्याचे पाणी शेतात जाते आणि शेतातून निथळलेले खालच्या तळ्यात येते. मोठ्या तळ्याच्या बांधात ‘बिसोकोटुव’ नावाची चौकोनी विहीर असते. तळ्यातल्या पाण्याचा जोर तिथे आवरला जातो आणि बांध न फुटता पाणी हवे तेवढे सोडता येते. पंप नाही, वीज नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वीची अक्कल! बाराव्या शतकात पोलोन्नरुवचा राजा पराक्रमबाहू याने तर पावसाचा थेंबही वापरल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचा नाही, असा बाणा धरला होता.

आम्ही तिस्स वेव या तळ्याच्या बांधावर उभे राहिलो. ‘वेव’ म्हणजे तळे. संध्याकाळी माणसे आंघोळीला येत होती, मुले पाण्यात उड्या मारत होती. वहीतला प्रश्न होता : ‘हे पाणी सगळ्यांना भरता येत होते का?’ हा प्रश्न आपल्याच मुलांना सुचणार. महाडचे चवदार तळे त्यांना पहिलीपासून माहीत असते. आमचा वाटाड्या म्हणाला, आज कुणाला मनाई नाही. पूर्वीचे त्याला सांगता येईना. दुसरा प्रश्न होता : ‘तळी खोदणाऱ्यांची नावे कुठे लिहिली आहेत?’ राजांची नावे शिलालेखांत आहेत. खोदणाऱ्यांची नाहीत. मुलांनी एवढे मात्र आधीच शोधले होते की, लंकेत ‘राजकारिय’ नावाची सक्तीची सेवा होती. जमीन आणि जात पाहून काम वाटून दिलेले. इंग्रजांच्या काळात १८३२ नंतर ती बंद झाली.

चहाच्या कपामागे

चहा गटात मुलीच जास्त. आपल्या घरात दिवस चहाने सुरू होतो, म्हणून त्यांनी हा विषय मागून घेतला. लंकेत आधी कॉफीचे मळे होते. १८६९ पासून पानांवर तांबेरा पडू लागला आणि कॉफी बुडाली. त्याआधी दोन वर्षे, १८६७ साली, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कॅंडीजवळच्या लूलकंदुर मळ्यात चहा लावून पाहिला होता. पुढे डोंगरच्या डोंगर चहाने हिरवे झाले. पण राबले कोण? तमिळनाडूतून आणलेली गरीब माणसे. त्यांतली कितीतरी तिथल्या अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातींची.

देश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या मळेकामगारांपैकी बहुतेकांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. १९६४ साली आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदारनायके यांचा करार झाला. त्यात सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यायची आणि तीन लाख लंकेने ठेवायची, असे ठरले. दीड लाखांचा निर्णय पुढे ढकलला. माणसांची अशी वाटणी! उरलेल्यांचा प्रश्न सुटेपर्यंत २००३ सालचा कायदा उजाडला.

नुवर एलियच्या वाटेवर आम्ही मळेकामगारांच्या ‘लाईन’ पाहिल्या. पत्र्याच्या छपराच्या लांब ओळी, एकेका खोलीत एकेक कुटुंब, पुढे चिंचोळा ओटा. आमच्यातल्या बाया म्हणाल्या, ‘ही तर आपली चाळच!’ धारावीत वाढलेल्या आमच्या एका ताईंना तमिळ येते. त्यांनी पाने खुडणाऱ्या एका बाईंना वहीतला प्रश्न विचारला : ‘तुमची मुलगी मोठी होऊन काय करणार?’ पाठीवरची पाटी न उतरवताच त्या बाई म्हणाल्या, ‘ती आठवीत आहे. काहीही करील, पण पाने खुडणार नाही.’ ताईंनी उत्तर मराठीत सांगितले आणि थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही.

शाळा आणि शब्द

शाळा गटाचे काम सर्वांत नेटके. लंकेत १९३१ सालीच सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला. आपल्याला तो १९५० च्या संविधानाने मिळाला. १९४५ पासून तिथे सरकारी शिक्षण विद्यापीठापर्यंत मोफत झाले. शिक्षणमंत्री कन्नंगर यांनी त्यासाठी मोठा विरोध पत्करला. पाठ्यपुस्तके सरकार देते. सकाळी रस्त्याने पांढऱ्या स्वच्छ गणवेशातली मुले-मुली पाहिली की त्या कायद्याचा अर्थ कळतो. तिथे शंभरांतली नव्वदहून अधिक माणसे लिहू-वाचू शकतात. १९६० साली जगातली पहिली स्त्री पंतप्रधान याच देशाने निवडली.

भाषा गटाने तर वस्तीभर गंमत उडवून दिली. सिंहली ही आपल्या भाषेच्या नात्यातली. हात म्हणजे ‘अत’, दात म्हणजे ‘दत’, कान म्हणजे ‘कन’, गाव म्हणजे ‘गम’. आकडे एक, देक, तुन, हतर, पह. आम्ही कोलंबोच्या बाजारात बोटे मोडत ‘हतर’ म्हटले, तर नारळवाल्याने हसत चार शहाळी पुढे केली. अभ्यासाचे फळ म्हणतात ते हेच!

दोन कठीण प्रश्न

समाज गटाचे दोन प्रश्न मात्र आम्हांला रात्री झोपू देईनात. पहिला : ‘बुद्धांच्या देशात जात आहे का?’ आहे. आपल्याएवढी जाचक नाही, तिथे तिला शिवाशिवीचे रूप फारसे नव्हते, पण आहे. १७५३ साली सयामहून भिक्खू बोलावून तिथला संघ पुन्हा उभा केला. पुढे त्या निकायात उपसंपदा केवळ गोयिगम या वरच्या जातीला, असा दंडक पडला. तेव्हा इतर जातींतले लोक समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथे दीक्षा घेऊन आले आणि १८०३ साली अमरपूर निकाय स्थापन झाला. दार बंद केले तर दुसरे दार उघडणारी माणसे तिथेही होती, हे मुलांना फार आवडले.

दुसरा प्रश्न : ‘बुद्धांच्या देशात युद्ध कसे झाले?’ १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे सिंहली बहुसंख्य सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात रक्त सांडले. मारले गेले त्यांत दोन्हीकडची साधी माणसे होती. त्याआधी १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार पुस्तके खाक झाली. आमच्या अभ्यासिकेत तीनशे पुस्तके आहेत आणि एकाचे पान फाटले तरी मुले डिंक शोधतात. त्यांना ९७ हजारांचा आकडा समजावून सांगावा लागला नाही. वाटाड्याला विचारले, तर तो खाली पाहून म्हणाला, ‘ते व्हायला नको होते.’ आम्ही तेच वहीत लिहिले.

बाबासाहेब १९५० साली कॅंडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा तेही डोळे मिटून गेले नव्हते. धम्म तिथे जिवंत आहे की नुसता परंपरेपुरता, हे त्यांना पाहायचे होते. अनुराधपूरच्या बोधिवृक्षासमोर पांढऱ्या वस्त्रांत शांत बसलेली माणसे पाहून आमचे डोळे भरून आले, हेही खरे; आणि जाफन्याची राखही खरी. मुलांनी दोन्ही गोष्टी एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहिल्या आहेत.

एकसष्टपैकी चव्वेचाळीस प्रश्नांची उत्तरे मिळाली. उरलेले सतरा मुलांनी खोडले नाहीत. त्यांचे वेगळे पान केले.

वाचकांना एकच विनंती. यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. एक नकाशा, एक वही, जवळचे ग्रंथालय आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ पुरतात. आपल्या विहारात, समाजमंदिरात मुलांचे गट करा. नेपाळ घ्या, जपान घ्या, दक्षिण आफ्रिका घ्या. त्या देशातली माणसे काय खातात, पाणी कुठून आणतात, कोण राबतो, कुणाला शाळा मिळते, हे त्यांना शोधू द्या. आईबापांनी उत्तरे देण्याची घाई करू नये. ‘हे तुला कुठे सापडले?’ एवढेच विचारावे. आमच्या मुलांनी आता ब्रह्मदेश घेतला आहे. अमरपूर निकायाची माणसे जिथे गेली, तो देश पाहायचा म्हणतात. वहीची पहिली चार पाने भरलीसुद्धा.