खसखस, हीटर आणि मामा तलाव

उन्हाचं मला कुणी सांगू नये. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि आम्ही खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून खुशाल झोपतो. दुबईला निघालो तेव्हा गावातल्या प्रत्येकानं कीव केली ती उन्हावरूनच. ती वाया गेली. इथं छळतो तो ओलावा. ऑगस्टच्या रात्री इमारतीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि समोरचा रस्ता नाहीसा होतो. समुद्राकाठच्या या वाळवंटात आपला कूलर लावला तर तो नुसता पाणी पिईल, गारवा देणार नाही.

परदेशातल्या मोठ्या दुःखांना निदान ऐकणारा मिळतो. हे असलं कुणाला सांगायचं? जुलैत थंड पाण्याचा नळ सोडला की हात चटकतो, कारण टाकी गच्चीवर तापत बसलेली. म्हणून इथले मुरलेले भाडेकरू उन्हाळ्यात हीटर बंद करून ठेवतात. एसीच्या गारव्यात टांगलेल्या त्या हीटरमधलं पाणी निवतं आणि लाल खुणेच्या नळातून गार येतं. निळ्या खुणेचा नळ गरम, लाल खुणेचा थंड. पाहुणा आला की चहाआधी त्याला हे समजावावं लागतं. नाही समजावलं तर न्हाणीघरातून आरोळी येते.

दिवाळीत माय अनारसे पाठवायचं काढते आणि मला नाही म्हणावं लागतं. खसखस इथं अमली पदार्थांत मोडते. सणाचा डबा पाठवायचा आणि मुलगा विमानतळावर अडकायचा! सावजी मसाल्याचीही तीच गत. खसखशीशिवाय वाटलेला मसाला म्हणजे तिखट आहे पण वजन नाही. मायनं एकदा बिनखसखशीचे अनारसे करून धाडले. चव तीच होती, खरं तर. पण ती स्वतःच त्यांना टकले म्हणते.

बोलण्याचीही पंचाईत. व्हॉट्सॲपवरून इथं फोन लागत नाही. वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि ते मायच्या मोबाइलमध्ये टिकत नाही. भाच्याला खेळासाठी जागा हवी असते. मग ती बोलणं रेकॉर्ड करून पाठवते. घरचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढं. रोवणीच्या दिवसांत ती पाचला उठते, म्हणजे माझा फोन साडेतीनला टुणकन वाजतो. निरोप ठरलेला: “इकडं पानी आला. तिकडं आला का?” इथं वर्षभरात शंभर मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही, हे सांगून मी थकलो. तिच्याकडे तेराशेच्या आसपास पडतो, तरी तिचा जीव टांगलेला.

टांगलेला असणारच. आमच्या लाखनी-साकोलीकडे गावागावाला मामा तलाव आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी उतार बघून पाळी घातल्या, पाणी अडवलं आणि खालच्या बांध्यांना दिलं. मृग कोरडा गेला की पऱ्हे वाळतात, आणि मग पोरीचं लग्न, पोराची फी, दुकानाची उधारी, सगळंच पुढं ढकललं जातं. पाणी आधी कुणाच्या बांधीत सोडायचं यावरून सख्ख्या भावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. इथं समुद्रातून पाणी काढतात, मीठ वेगळं करतात आणि ते निमूट वरच्या मजल्यापर्यंत येतं. बिल येतं, मी भरतो. त्यावरून शेजाऱ्याशी एक शब्द होत नाही. बाकीच्या कटकटींची सवय झाली, याची नाही.

गावाचे गोडवे गाताना मात्र जपून. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि गोसेखुर्दच्या फुगवट्यात साचतं. तळ्यांचा जिल्हा म्हणवून घेणाऱ्या आमच्या भंडाऱ्यात लोक प्यायच्या पाण्याचे कॅन विकत घेतात. इथल्या नळाचं पाणी त्याहून स्वच्छ आहे. हे मी मायला सांगितलेलं नाही.

सांगितलं ते १६ एप्रिल २०२४ चं. त्या दिवशी इथं आभाळ फाटलं. अल ऐनकडे एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला; १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही, असं इथलं हवामान खातं म्हणालं. दुबईच्या विमानतळावर विमानं पाण्यातून सरकत होती. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. पाऊस थांबल्यावर सगळी इमारत जिन्याच्या तळाशी उभी, जो तो आपल्या बुटांकडे बघतोय. मी पँट दुमडली, चपला हातात घेतल्या आणि पाय न उचलता, तळवा जमिनीला घासत, खड्डा चाचपत दूध आणायला निघालो. या शहरात मला येणारी गोष्ट इतरांना येत नाही, असं प्रथमच घडत होतं. केरळचा शेजारी माझ्याआधीच परत येताना दिसला, हे मान्य.

पुढचे कित्येक दिवस पंप धडधडत होते. टँकर रांगेनं यायचे, रस्त्यावरचं पाणी ओढून भरायचे आणि निघून जायचे. मला ते बघवेना. एवढं पाणी, आणि जो तो त्याला घालवायच्या मागं!

मायला सगळं रेकॉर्ड करून पाठवलं. तिचं उत्तर आलं, नेहमीच्या अवेळी. “एवढा पानी, अन् अडवला नाही? पाळ नाही का तिथं?” मी म्हटलं, नाही, टँकर घेऊन गेले. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं:

“टँकर पानी आनते, हे मालूम होता. नेते कायले बाप्पा?”