निगेटिव्ह, स्कॅनर आणि अस्सल साधन

कोडॅकने १९०१ साली आणलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते. आजोबांनी तिच्यावर टिपलेल्या ६×६ सेंमीच्या निगेटिव्हना आता व्हिनेगरसारखा वास येतो. ॲसिटेटच्या विघटनाची ही खूण. पुढे फिल्म आकसते, वळते. स्कॅनर निवडणे त्यामुळे निकडीचे झाले.

खोक्यावरचा ६४०० डीपीआय हा आकडा बखरीतील सैन्यसंख्येप्रमाणे जपूनच स्वीकारावा. फ्लॅटबेडची प्रत्यक्ष क्षमता बरीच कमी असते. परंतु ३५ मिमीच्या साडेतीनपट क्षेत्रफळामुळे या निगेटिव्हला खरे २४०० डीपीआयही पुरतात: प्रत्येक बाजूस सुमारे ५३०० पिक्सेल. म्हणून मी दोनच गोष्टी पाहिल्या: झाकणात फिल्मसाठी दिवा आणि वळलेली फिल्म सपाट धरणारी चौकट.

स्कॅन झाल्यावरही निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी जपावी. स्कॅन ही नक्कल. अस्सल साधन निगेटिव्हच.