ॲव्हरेज वाढवून मिळेल!

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला. रंग नाही, फीचर्स नाहीत, थेट ‘किती देते?’ २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि या प्रश्नाला आणखीनच धार आली. मग ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं अशी माणसं भेटायला लागतात. इंधनाच्या पाइपवर बसवायचं चुंबक, डॅशबोर्डखाली खोचायची लुकलुकणारी चिप, टाकीत टाकायची गोळी... दावा साधारण एकच. वीस-तीस टक्के इंधन वाचणार, बसवायला दहा मिनिटं आणि ‘पटलं नाही तर पैसे परत’!

यातल्या चुंबकाच्या मागे मला लागावंच लागलं, कारण माझा आत्येभाऊ त्याची डीलरशिप घ्यायला निघाला होता. दादा हडपसरला राहतो. मार्केट यार्डातली भाजी हॉटेलांना पोचवणारा त्याचा छोटा टेम्पो आहे आणि डिझेल हा त्याचा रोजचा सगळ्यात मोठा खर्च. चुंबक लावलं आणि ॲव्हरेज लिटरमागे दोन किलोमीटरनं वाढलं, असं तो छातीठोकपणे सांगायचा. डीलरशिपचं डिपॉझिट होतं पावणेदोन लाख. ते येणार होतं पोरीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडून. वहिनीचा फोन आला, ‘तू सायन्सवाली ना? मग तूच बोल त्यांच्याशी!’

चुंबकवाल्यांचं सायन्स ऐकायला झकास असतं. म्हणे इंधनाचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, चुंबक ते सुटे करतं आणि मग इंधन पूर्ण जळतं. गडबड अशी, की पेट्रोल आणि डिझेल म्हणजे हायड्रोकार्बन. चुंबकाला ते जवळजवळ दादच देत नाहीत. एमआरआयचंच घ्या ना. हॉस्पिटलातलं ते मशीन बहुधा दीड टेस्लाचं असतं, पाइपवरच्या चुंबकापेक्षा कितीतरी दांडगं. आपल्या अंगातल्या चरबीतही डिझेलसारख्याच कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या असतात. पण अर्धा तास आत पडून बाहेर आल्यावर कुणाची चरबी जास्त चांगली जळायला लागल्याचं ऐकलंय? तसं असतं तर जिमवाल्यांनी कधीच मशीन आणलं असतं!

दुसरी गोष्ट. धड चालणाऱ्या इंजिनात इंधन जवळजवळ सगळं जळतंच, ९८ टक्क्यांच्या वर. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. तिथे चुंबक काय करणार? उरलेल्या एक-दोन टक्क्यांतून तीस टक्के बचत काढायची म्हणजे रिकाम्या पाकिटातून पगार काढण्यासारखं आहे. शिवाय २०१७-१८ पासून आपल्याकडे कार कंपन्यांना इंधन कार्यक्षमतेचे सरकारी निकष पाळावे लागतात. एकेका टक्क्यासाठी त्या कोट्यवधी रुपये ओततात. एका चुंबकानं काम भागत असतं तर त्यांनी ते फॅक्टरीतच लावलं नसतं?

मी दादाला हे सगळं सांगितलं. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेनं १९७० च्या दशकापासून अशी शंभरावर उपकरणं तपासली, त्यात चुंबकंही होती, हे सांगितलं. फार थोड्यांनी किंचित फरक दाखवला, बाकीच्यांनी काहीच नाही. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकानं २००५ मध्ये चुंबकांसकट बरीच गॅझेट्स मशीनवर तपासली. चुंबकाचा परिणाम? शून्य.

दादा शांतपणे म्हणाला, ‘तिकडच्या गाड्या वेगळ्या. मी स्वतः बघितलंय. मी काय खोटं बोलतोय का?’

नाही ना! तिथेच तर खरी गोची आहे. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लेनं पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल बनवून दाखवलं, तेव्हा अख्खा देश थक्क झाला होता. ती हातचलाखी होती. सीबीआयनं केस केली आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टानं त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पण चुंबकाचा माल खपतो तो हातचलाखीवर नाही. तो खपतो दादासारख्या सरळ माणसांच्या शब्दावर.

आता सरळ माणसाला ॲव्हरेज वाढलेलं दिसतं कसं? एक म्हणजे, दोन-तीन हजार मोजले की माणूस आपोआप सांभाळून चालवायला लागतो. उगाच रेस नाही, करकचून ब्रेक नाही. वाचवतो त्याचा उजवा पाय, पण नाव होतं चुंबकाचं. दुसरं, चुंबक बसवताना मेस्त्री हवा बघतो, एअर फिल्टरही झटकून देतो. तिसरं, आपण टाकी कधी काठोकाठ भरतो तर कधी जरा कमी, त्यानंही हिशोब हलतो. आणि चौथं सगळ्यात भारी. अशी वस्तू आपण घेतो कधी? ॲव्हरेज अगदी तळाला गेल्यावर. ट्रॅफिक, पाऊस, खड्डे, सगळं एकदम आल्यावर. त्यानंतरचा महिना तसाही जरा बरा जाणारच असतो!

वाद घालून काही होईना. शेवटी मी म्हटलं, ‘दादा, आपण आठ आठवडे खेळ खेळू. हरलास तर डीलरशिप नाही. जिंकलास तर मीच तुझी पहिली गिऱ्हाईक.’

खेळ साधा होता. दर सोमवारी पहाटे वहिनी नाणं उडवणार. छापा आला तर मेस्त्री चुंबक बसवणार, काटा आला तर काढणार. दादानं खाली वाकून बघायचं नाही, फक्त टेम्पो चालवायचा. रविवारी एकाच पंपावर, एकाच नोझलनं, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरायची. वहिनी सगळं डायरीत लिहिणार. आणि त्या आठवड्यात चुंबक होतं की नाही, ते दादानं ओळखायचं.

आठपैकी तीन आठवडे त्यानं बरोबर ओळखले. याहून बरं तर नुसतं नाणं उडवून जमलं असतं! ॲव्हरेजचे आकडेही पिसलेल्या पत्त्यांसारखे निघाले, कधी चुंबक असताना जास्त तर कधी नसताना. सगळ्यात चांगला आठवडा दिवाळीचा होता. रस्ते मोकळे, माल कमी, आणि चुंबक मेस्त्रीच्या ड्रॉवरमध्ये.

दादा डायरी बराच वेळ चाळत बसला. मग एवढंच म्हणाला, ‘यार्डातल्या पोरांनी माझ्या शब्दावर घेतलं असतं गं.’ एफडी शाबूत राहिली, याचा वहिनीला आनंद झाला. मला मात्र त्याचं ते वाक्य जास्त आवडलं.

वाचवायचंच असेल तर मार्ग आहेत, फक्त ते डब्यात पॅक करून मिळत नाहीत. पीसीआरए ही आपली इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था १९७८ पासून तेच तर सांगतेय. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग ठेवा, टायरची हवा वेळच्या वेळी बघा, सिग्नलला इंजिन बंद करा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. अगदी बोअरिंग! पण फुकट.

आणि पुढच्या वेळी लंच टाइममध्ये एखादा मित्र सांगायला लागला, की अमुक लावल्यापासून माझी गाडी जास्त देते, तर त्याला खोटं पाडायच्या भानगडीत पडू नका. इतकंच विचारा, ‘तुला न सांगता कुणी ते काढून ठेवलं, तर तुला कळेल का?’