शिंग बघू नका, उलटा करून बघा



पहिला दमदार पाऊस पडला की दोन-तीन रात्री ओटीवरच्या दिव्याखाली भुंग्यांची जत्रा भरते. आणि सकाळी माझ्या फोनवर फोटोंची. काळा, चकचकीत, डोक्यावर शिंग. खाली लिहिलेलं असतं, "गेंड्या ना हा? काय मारू?" परवा एका सकाळीच अकरा फोटो आले. त्यात गेंड्या भुंगे चार. पाच शेणकिडे. एक दोन शिंगांचा, डोंगराकडून आलेला. आणि एक फोटो इतका अंधारात काढलेला की भुंगा आहे का जांभूळ तेच कळेना.

म्हणजे अकरातले चारच माडाचे वैरी. बाकीचे फुकट मेले असणार, कारण फोटो काढायच्या आधीच बहुतेकांनी चपलेखाली घेतलेले दिसत होते.

याच्यावर एवढं लिहायचं कारण आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्या आडव्या झाल्या. माझ्या वाडीतले 62 माडांपैकी 27 गेले. पोफळी तर मोजल्याच नाहीत. पुढच्या पावसात 30 माडाची रोपं लावली. पडलेले ओंडके किती दिवस तसेच होते सगळ्यांकडे. कापायला माणूस नाही, उचलायला गाडी नाही. गेंड्या भुंग्याला काय पाहिजे? कुजकं लाकूड आणि कुजकं शेण. मादी त्यातच अंडी घालते. अंड्यापासून भुंगा व्हायला हवामानाप्रमाणे पाच-सहा महिने लागतात. आपण त्याला गावभर बाळंतिणीच्या खोल्या बांधून दिल्या. त्यातनं निघालेला भुंगा गेला कोवळ्या रोपांच्या शेंड्यात.

जुना माड दोन-चार चावे सोसतो. झावळी उघडली की कात्रीनं कापल्यासारखा त्रिकोणी तुकडा गेलेला दिसतो, पोय आतच पोखरली तर नारळ कमी लागतात, पण झाड उभं राहतं. तीन वर्षांच्या रोपाचा कोंब खाल्ला तर रोपच संपतं. शिवाय गेंड्यानं पाडलेल्या भोकात मागनं सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो, आणि सोंड्याची अळी आतनं खोड खाते, मग मोठा माडही जातो. सोंड्या ओळखणं सोपं आहे. तांबडा, लांबट, पुढे सोंड. त्याच्यात कुणी फसत नाही.

फसतात ते शिंगाला. शिंग म्हणजे गेंड्या असं डोक्यात पक्कं बसलंय. पण गेंड्या, शेणकिडा, डोंगरातला दोन शिंग्या, उसवाल्यांची हुमणी, फुलांवर येणारा हिरवट भुंगा, हे सगळे एकाच कुळातले. भावकीच म्हणा. त्यांची मिशी भिंगाखाली बघा, टोकाला छोट्या पंख्यासारखी पानं असतात, ती उघडतात-मिटतात. ही खूण सगळ्या भावकीत आहे, म्हणून ती कुळ सांगते, घर सांगत नाही.

माझा पुतण्या बारावीला आहे. त्यानं परवा रात्री डबा आणला, "काका, हे बघा, गेंडे पकडले, सहा!"

मी म्हटलं, "अरे, आधी उलटे कर सगळे."

"उलटे कशाला? शिंग वरती आहे ना."

"म्हणूनच."

उलटा केल्यावर पहिली खूण पायात. सहा पायांपैकी मधली जोडी बघायची, ती अंगाला जिथे जोडलीय ती जागा. गेंड्याचे मधले दोन पाय मुळाशी एकमेकांच्या जवळ असतात. शेणकिड्याचे लांब लांब, मध्ये चांगलं पटांगण. दुसरी खूण मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला. शेणकिड्याला तिथे एकच काटा, गेंड्याला दोन. हे भिंगाशिवाय माझ्या वयाला दिसत नाही, पण पोराला लगेच दिसलं. तिसरी खूण तोंडाची. शेणकिड्याचं डोकं पुढनं पसरट, खोऱ्याच्या पात्यासारखं, आणि तोंड त्याच्याखाली झाकलेलं. तो खोऱ्यानं शेण ओढतो, त्याला लाकूड फोडायचं नाही. गेंड्याचे जबडे मजबूत, बाजूनं बाहेर दिसतात, कारण त्याला माडाचा कोंब फोडून आत शिरायचंय. काम काय ते कळलं की अवजार ओळखायला सोपं जातं.

पोटाखाली गेंड्याला तांबूस केसही असतात, पण केसांवर एकट्यावर जाऊ नका, शेणकिड्यालाही थोडे असतात.

डब्यातल्या सहापैकी दोन गेंड्या निघाले. चार कॅथार्सियस जातीचे शेणकिडे, त्यातल्या नराला डोक्यावर बारीक शिंग असतं. मोठा हेलिओकोप्रिस आला असता तर अजून फसगत झाली असती, तो गेंड्याएवढा किंवा मोठाही होतो. पुतण्यानं चार शेणकिडे अंगणात सोडले. ते शेणाच्या पोवापर्यंत गेलेसुद्धा.

आता दोन शिंग्या. शास्त्रात त्याला झायलोट्रूप्स म्हणतात. हा गेंड्याच्या अगदी सख्ख्यातला, म्हणून उलटा करून फारसं कळत नाही, याला सुलटाच बघायचा. नराला एक शिंग डोक्यावर आणि दुसरं पाठीवरनं पुढे आलेलं, दोन्हींच्या टोकाला बेचक्यासारखी फाटणी. गेंड्याचं शिंग एकच, डोक्यावर, मागे वळलेलं, टोकाला फाटणी नाही, आणि त्याच्यामागे पाठीवर खोलगट वाटी, वाटीच्या मागच्या कडेला दोन उंचवटे. ही वाटी विसरू नका. शिंग तुटलेला गेंड्या पण वाटीवरनं कळतो.

आणि आता ज्यासाठी मी बसलोय ते. मादी. गेंड्याच्या मादीचं शिंग आखूड असतं, कधी नुसता उंचवटा. लोक तिला "साधा भुंगा" म्हणून सोडून देतात आणि ऐटबाज शिंगाच्या नराला मारून खुश होतात. अंडी कोण घालणार आहे? मादीची खूण शेपटाकडे. मागच्या टोकाला तांबूस केसांचा दाट झुपका. नराचं टोक गुळगुळीत. अंधारात बोट फिरवलं तरी कळतं. दोन शिंग्याची मादी बिनशिंगी असते आणि पाठ मंद, बारीक लव असलेली. गेंड्याची मादी चकचकीत.

म्हणून फोटो पाठवायचा तर दोन पाठवा, एक पाठीचा, एक पोटाचा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. चप्पल नंतर.

भुंग्यापेक्षा जास्त गोंधळ अळ्यांचा होतो, आणि नुकसान तिथेच जास्त. शेणखताचा खड्डा उपसला की पांढऱ्या जाड अळ्या निघतात. लगेच कुणीतरी दुकानात जातो, दुकानदार फोटो न बघताच दाणेदार औषध देतो. मागच्या वर्षी आमच्याकडे एकानं घरात पडलेला फोरेटचा जुना डबाच खड्ड्यात ओतला. फोरेटवर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि तेच खत पुढे वांग्याला गेलं.

त्या खड्ड्यातल्या अळ्या मी आदल्या दिवशी बघितल्या होत्या. एक तर सपाट फळीवर ठेवायची आणि थांबायचं. गेंड्याची अळी कुशीवर पडून इंग्रजी सी सारखी वळते, डोकं मोठं, गडद तपकिरी, कडक. फुलभुंग्याची अळी उताणी होते आणि पाय वर करून पाठीवरनं सरळ चालायला लागते. डोकं लहान, पाय आखूड. एवढी सोपी ओळख दुसऱ्या कुठल्या किड्याची मला माहीत नाही. ही उताणी चालणारी अळी कुजकं खाऊन त्याचं खत करते, तिला आपण पगार देत नाही एवढंच. त्या खड्ड्यात उताण्या चालणाऱ्याच जास्त होत्या.

आणि हुमणी वेगळी. घाटावरचे, कोल्हापूर-सांगलीकडचे मित्र हे वाचतात म्हणून सांगतो. हुमणी जिवंत मुळं खाते, म्हणून ती मुळांपाशी मातीत मिळणार. गेंड्याची अळी जिवंत झाडाला तोंड लावत नाही, तिला कुजकंच लागतं. माडाला त्रास देतो तो मोठा झालेला भुंगा. हुमणीचे भुंगे तपकिरी, बिनशिंगाचे, वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बोरीवर, बाभळीवर पाला खायला बसतात.

शेणकिड्याची बाजू मी घेतो त्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियात गोरे लोक गाई घेऊन गेले, पण तिथल्या किड्यांना गाईचं शेण जमेना. पो वाळून कुरणावर पडून राहायचे, गवत मरायचं, माश्या वाढायच्या. शेवटी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारनं बाहेरच्या देशांतून शेणकिडे आणून सोडले. आपल्याकडे ते फुकट येतात, रात्रीत शेण जमिनीत गाडतात, आणि आपण दिव्याखाली चिरडतो.

गेंड्याचा उलटा अनुभव. 1909 मध्ये तो श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटावर पोचला आणि तिथले माड खाऊ लागला. अलीकडे 2007 ला ग्वाम, 2013 ला हवाई. आपल्याकडे तो पूर्वापार आहे, त्याला खाणारे, आजारी पाडणारेही आहेत. मेटारायझियम बुरशी त्यातलीच. शेणखताच्या खड्ड्यात ती मिसळली की अळ्या मरून कडक होतात आणि अंगावर हिरवी पूड येते. मी दोन पावसाळे वापरतोय. खड्डा ओला आणि सावलीत हवा, कडक उन्हात बुरशी टिकत नाही. उताण्या चालणाऱ्या शक्य तेवढ्या आधी वेचून बाजूला काढतो. बाकी नेहमीचंच, शेंड्यातल्या भोकातनं तारेच्या आकड्यानं भुंगा ओढायचा, लहान रोपांच्या पानांच्या बेचक्यात डांबर गोळ्या वाळूनं झाकून ठेवायच्या, दीड महिन्यानं बदलायच्या. गंधसापळा लावलाय. वास नराचा असतो, पण नर-मादी दोघं येतात. सापळ्यातले मी रोज सकाळी उलटे करून मोजतो आणि वहीत नर, मादी वेगळे लिहितो. गेल्या आठवड्यात नर 3, मादी 8.

हे आठ कुठनं येतायत त्याचा अंदाज आहे. माझे सगळे ओंडके मी चिरून, वाळवून चुलीला लावले. पण शेजारच्या वाडीत वीज पडून मेलेले दोन माड उभेच आहेत, शेंडे कुजलेत. मालक मुंबईला असतात, माणूस चांगला. फोन केला तर म्हणाले, "दादा, गणपतीला येतो तेव्हा तोडू." गणपतीला अजून दोन महिने आहेत. मी म्हटलं, तोडणावळ मी देतो, तुम्ही फक्त हो म्हणा. विचारून सांगतो म्हणालेत.