खेपा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळी संपली. गच्चीवरच्या बांबूला बांधलेला फोर-जी राउटर काढून घरच्यांनी तिथं आकाशकंदील लावला होता, तो सकाळी उतरवला आणि राउटर पुन्हा चढवला. तोंड मांजरसुंब्याच्या बाजूला केलं की दोन दांड्या येतात. कपिलधारच्या समाधी मंदिराकडं केलं तर एकही नाही. मंदिर दरीत, आणि मध्ये बालाघाटाची सोंड आलेली. तिथल्या धबधब्याला हा डोंगर लागतो, नेटवर्कला नडतो.

आजपासून नवं काम. आमचं ऑफिस पुण्याचं, सर्व्हर भोसरीत, कारखान्यांच्या लोखंडी शेडची ड्रॉइंग काढून देण्याचा धंदा. त्यातले ३१ जण आता घरून काम करतात: बीड, लातूर, अंबाजोगाई, सांगली, दोघं पुण्यातच. सगळ्यांची तक्रार एकच, फाइल उघडत नाही. म्हणून साहेबांनी अ‍ॅक्सिलरेटर विकत घेतलाय. त्याचे दोन भाग. एक भोसरीत सर्व्हरशेजारी बसतो, दुसरा प्रत्येकाच्या लॅपटॉपवर. पंधरा दिवसांत सगळ्यांना बसवून द्यायचा.

“तू गावाकडंच आहेस, खरी चाचणी तुझ्याकडं होईल,” साहेब म्हणाले. हे कौतुक समजायचं की काय, ते ठरवलं नाही.

पुण्याला पिंग लावली. ७०, ६८, ११२, ७१ मिलिसेकंद. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इथून पुणं अडीचशे किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंदांचं काम. बाकीचे ६७ टॉवरच्या रांगेत आणि वाटेतल्या वळशांत जातात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

औषध देण्याआधी नाडी बघावी म्हणून दिवसभर नुसतं मोजलं. एका शेडचं ड्रॉइंग उघडलं आणि तारेवरून काय काय जातंय ते पकडून ठेवलं. स्टॉपवॉचवर ७१ सेकंद. राउटरचा वेग मात्र निम्माही वापरला गेला नव्हता. आपला लॅपटॉप सर्व्हरशी बोलतो ते बघून हसू आलं. फाइल आहे का? आहे. कुणी उघडलीय का? नाही. केवढी आहे? एवढी. तिच्यात जोडलेलं दुसरं ड्रॉइंग कुठंय? या फोल्डरमध्ये. ते आहे का? फाँटची फाइल? पहिला तुकडा दे. आता दुसरा दे. उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. अशा ९१२ फेऱ्या मोजल्या. ऑफिसात एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. इथं फेरीला ७०, म्हणजे ६४ सेकंद नुसते ये-जा करण्यात.

आई जेवायला हाक मारायला वर आली. “नेट जोरात करायचं मशीन बसवायलास का?”

नेट आहे तेवढंच राहणार, म्हटलं. खेपा कमी करायच्यात.

“आधी तसं सांगायचं की. हिरीवरनं घागरी आणायच्या का टाकी भरून ठिवायची, येवढंच ना?”

तेवढंच. पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसानं हे समजवायला ४२ स्लाइड दाखवल्या होत्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

भोसरीतला भाग काल रात्री उभा केला. माझ्या लॅपटॉपवर २० जीबी जागा साठ्यासाठी दिली आणि तेच ड्रॉइंग उघडलं. ५८ सेकंद. तोंड वाकडं झालं. बंद करून पुन्हा उघडलं: ९ सेकंद.

पहिल्या वेळी तो शिकतो. फाइलचे बारीक तुकडे पाडतो, प्रत्येकाचा अंगठा घेतो आणि तुकडे दोन्हीकडं ठेवून देतो. पुढच्या वेळी भोसरीचा भाग तुकडा पाठवतच नाही, अमक्या अंगठ्याचा तुकडा तुझ्याकडं आहे, तो काढ, एवढं कळवतो. शिवाय पुढं कोणते प्रश्न येणार ते ओळखून सर्व्हरला शेजारीच बसून विचारून ठेवतो आणि उत्तरांची मोट एकदम पाठवतो. फाइल दुसऱ्या नावानं ठेवली, मेलला जोडली, तरी तुकडे तेच असल्यानं फसत नाही.

एका गोष्टीला मात्र फसला. ड्रॉइंगमधला एक खांब थोडा सरकवून सेव्ह केलं. बदल एका खांबाचा, म्हणून दोन-तीन सेकंदांची अपेक्षा. लागले ३४. या फाइली आतून आधीच दाबून भरलेल्या असतात. एका ठिकाणी जरा हलवलं की दाबलेला मजकूर पुढं पार बदलतो, आणि त्याला ओळखीचा अंगठाच सापडत नाही. झिप फाइलींचंही असंच. हे स्लाइडमध्ये नव्हतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय त्यातून न्यायचं नाही, याची यादी केली. व्हिडिओ कॉल नाहीत. ते आधीच दाबलेले असतात, आणि पुन्हा कधी तेच बोलणं येत नाही, मग साठवून काय करायचं? बँकेच्या साइट नाहीत, खाजगी मेल नाही. ऑफिसची हिशेबाची साइट मात्र त्यातून जाते, आणि तिथं कुलूपबंद मजकूर मध्येच उघडून पुन्हा कुलूप लावावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आपलं प्रमाणपत्र बसवलं.

अंबाजोगाईच्या ड्राफ्ट्समन मुलीनं नेमकं बोट ठेवलं. “सर, ह्याच्यातून माझं व्हॉट्सअ‍ॅप दिसतं का तुम्हाला?”

नाही म्हटलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही आणि व्हायलाही नको. स्क्रीन शेअर करून यादी दाखवली, कोणते तीन पत्ते त्यातून जातात ते तिला वाचून दाखवायला लावलं. तिनं सावकाश वाचले आणि मग “टाका” म्हणाली. बाकीच्या लोकांनी न विचारता परवानगी दिली. मला तिचं बरं वाटलं. आता तीच यादी सगळ्यांना मेलनं पाठवतोय.

भोसरीच्या यंत्रावर बीबीआरही चालू केला. टीसीपीची जुनी सवय अशी, की एखादं पाकीट हरवलं की रस्ता तुंबला समजून चाल निम्म्याच्या आसपास आणायची. मोबाइलवर पाकीट नुसत्या वाऱ्या-पावसानंही हरवतं. गूगलनं २०१६ मध्ये आणलेली बीबीआर ही पद्धत हरवण्याकडं फारसं बघत नाही. रस्ता किती रुंद आणि फेरीला वेळ किती, हे मोजून चाल ठरवते. संध्याकाळच्या सुमार नेटवर फरक जाणवला.

११ नोव्हेंबर, सोमवार

२२ लॅपटॉप झाले. लातूरच्या एकाचा मात्र काही केल्या वेग वाढेना. नवा कोरा लॅपटॉप, सगळ्यांत महाग. लॉग बघितला तर त्याची प्रत्येक जोडणी ‘स्पर्श न करता पुढं’ अशी नोंदलेली. तीन तास डोकं फोडल्यावर उजेड पडला. विंडोज ११ ची गेल्या महिन्यात आलेली २४एच२ आवृत्ती फाइल सर्व्हरशी बोलताना प्रत्येक निरोपावर सही मागते, आणि ही सक्ती आपोआप लागू असते. सही असली की मधल्या माणसाला मजकुराला हात लावता येत नाही. सहीचा हेतूच तो. आमचं यंत्र म्हणजे तो मधला माणूस.

सोपा उपाय एका ओळीचा होता, सहीची सक्ती काढून टाकायची. पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत-केंद्रानंही फोनवर तोच सांगितला. मला पटला नाही. वेगासाठी दाराची कडी काढून ठेवण्यातला प्रकार. भोसरीच्या यंत्रालाच ऑफिसच्या डोमेनमध्ये रीतसर सदस्य केलं आणि सही करण्याचा अधिकार दिला. यात सोमवार संपला. उद्या बाकीचे लॅपटॉप अपडेट झाले की सगळ्यांची हीच गत झाली असती, त्यामुळं लातूरकराचे आभारच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिकी एकादशी

पहाटे खालच्या आळीतून दोन ट्रॅक्टर गेले. ट्रॉलीत भांडी, पाट्या, कडब्याच्या पेंढ्या, एक शेळी, झोपलेली पोरं. ऊसतोडीला. २० तारखेला मतदान आहे, तोवर थांबा असं पुढारी सांगतायत. पण उचल घेतलेली असते आणि मुकादमाला २० तारीख कळत नाही. शाळेतल्या माझ्या बरोबरच्या निम्म्या पोरांच्या घरात कोयता होता. दिवाळीनंतर वर्ग ओस पडायचा. आता मी गच्चीवर बसून पुण्याची नोकरी करतो आणि माझ्या बरोबरीचा एक जण त्या ट्रॉलीत होता. हात केला. त्यानंही केला.

काम: ३ लॅपटॉप. उपासाचं खाऊन झोप आली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिंड्या यायला लागल्या. मन्मथ स्वामींच्या समाधीला कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून लिंगायत मंडळी पायी येतात. घाटाकडून भजनाचा आवाज येतो, मग पताका दिसतात. आईनं पाण्याचा माठ दारात ठेवला. सीताफळांचा हंगाम सरत आलाय. उरलेल्या दोन पाट्याही तिनं दारात मांडल्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आईला त्याचं काही नाही. “घ्या माऊली, गोड हाय,” एवढीच तिची जाहिरात.

पिंग दुपारी १४०, संध्याकाळी ३८०. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. पौर्णिमा

सकाळी नऊला पिंग ९००. दहाला १४००, २१००, मग उत्तरच नाही. खाली दरीत हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. टॉवर तोच.

साहेबांना साडेदहाला प्रगती दाखवायची होती. फोनवर फोन करून कसाबसा आवाज लागला. अ‍ॅक्सिलरेटरचा तक्ता माझ्या स्क्रीनवर हिरवागार: बचत ९६ टक्के. बरोबरच आहे. काही जातच नव्हतं, त्यामुळं वाचत सगळंच होतं. हा आकडा मी साहेबांना वाचून दाखवला नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला असंच झालं होतं. तिथली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्ड, सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग घसरून ४० वर आला. प्रत्येक यंत्राला वाटायचं आपलं पाकीट हरवलं, म्हणून ते पुन्हा पाठवायचं, आणि त्या पुन्हा पाठवण्यानंच रस्ता आणखी तुंबायचा. व्हॅन जेकबसननं त्यावर १९८८ मध्ये निबंध लिहिला आणि यंत्रांना थोडं थांबायला शिकवलं. ती शिस्त आज प्रत्येक फोनमध्ये आहे, खाली दरीतल्यासुद्धा. तरी एका टॉवरच्या वाट्याला एवढी माणसं आली की शिस्तीनंही काही होत नाही. रांग सरळ होते, लांबी तेवढीच राहते.

दुपारी लॅपटॉप मिटला आणि दर्शनाला खाली उतरलो. नोव्हेंबरातला धबधबा बारीक, तरी खाली उभं राहिलं की खांदे भिजतात. दर्शनबारीत पुढं एक आजी होत्या, उदगीरकडच्या. फोन डोक्याच्या वर धरलेला, दुसऱ्या हातात टाळ. नातवाला कळस दाखवायचा होता. पडद्यावर नातवाचा अर्धाच चेहरा येऊन गोठलेला, डोळे मिटलेले.

“बाळा, बघ रं ह्येला काय झालं.”

“आजी, नेट तुंबलंय. आता फोटो काढून ठेवा. रात्री वर गेलात की आपोआप जाईल.”

“रात्री गेला तर चालतंय व्हय?”

“कळस काय पळून चाललाय?”

हसल्या. फोटो काढला. बोट अर्धं भिंगावर आलं होतं, म्हणून दुसरा मी काढून दिला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे तीनला जाग आली. सवयीनं पिंग लावली: ५२. एवढी कमी इथं कधी बघितली नव्हती. बहुतेक फोन दमून झोपले असावेत.

तिथंच बसून नवा नियम लिहिला. रोज पहाटे साडेतीनला प्रत्येक लॅपटॉपनं आपापल्या चालू कामाचं फोल्डर आधीच ओढून ठेवायचं. दिवसा फक्त बदललेलं जाईल-येईल. लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपायचं, झाकण मिटलं तरी चालेल. वीज गेली तर त्या दिवशी उपास. अंबाजोगाईच्या मुलीला सकाळी विचारलं, पहिलं ड्रॉइंग किती वेळात उघडलं? “सर, मी चहाला उठलेच नाही,” म्हणाली. पूर्वी फाइलवर क्लिक करून ती चहा टाकायची.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अहवाल पाठवला. ३१ पैकी २७ जणांना फायदा. पुण्यातल्या दोघांच्या घरी फायबर आहे, पिंग ६. त्यांना काहीच फरक नाही, त्यांच्याकडून काढून टाकला. सांगलीच्या दोघांच्या फाइली इतक्या मोठ्या, की फाइल घरी आणण्यापेक्षा भोसरीतलाच संगणक दुरून चालवलेला बरा. तसं करून दिलं. जे परवाने वाचले ते परत देता येतात का, तेही विचारलंय. कंपनीच्या माणसाचा अजून फोन नाही.

शेवटी देखभालीचं वर्षाचं वेळापत्रक जोडलं. सर्व्हरच्या बॅटऱ्या, प्रमाणपत्राची मुदत, असल्या तारखा. त्यात पुढच्या कार्तिक पौर्णिमेची एक ओळ घातली: ‘५ नोव्हेंबर २०२५, बुधवार: कपिलधार, दिवसभर बंद.’

तासाभरानं साहेबांचं उत्तर आलं. बाकी सगळं मंजूर. फक्त एक शंका: कपिलधार नावाचा सर्व्हर नेमका कोणत्या रॅकमध्ये आहे?