माळाला पडीक म्हणू नये

जिंतूर तालुक्यातील बोरी हे आमचे गाव. गावातून उत्तरेस जिंतूरच्या डोंगरांकडे निघाले की काळी जमीन हळूहळू संपते व मुरमाड माळ लागतो. बोर, हिवर, पळस, तरवड अशी विरळ झाडे-झुडुपे आणि त्यांच्यामध्ये दूरवर गवत. पाणी मुरणाऱ्या लवणात मारवेल, उतारावर शेडा व पवन्या, उघड्या मुरमावर कुसळी. बालपणी आम्हांला हे सारे नुसते गवतच वाटे.

१९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. वृक्षारोपणाचे ते दिवस होते. झाड नसलेली जमीन ती पडीक, ही समजूत आम्हीही निमूटपणे स्वीकारली आणि मित्रांसह माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावली. रोपे फोफावली तसे आमचे कौतुक झाले. परंतु त्यांच्या सावलीत मारवेल विरळ झाला, शेडा दिसेनासा झाला. जमिनीवर घरटे करणारा चंडोलही तेथून गेला. एक वृद्ध मेंढपाळ आम्हांला एवढेच म्हणाले, "लेकरांनो, झाडं लय लावली, पण माळ कुठं गेला?"

त्या प्रश्नाने आम्हांला गवताकडे वळविले. कुसळीच्या बीजाचे कूस ओल लागताच पीळ सोडीत फिरते व बीज मातीत रोवते. गुरांनी पाते खाल्ले अथवा वणव्यात ते जळले, तरी बुंध्याशी राखलेल्या कोंबांतून ही गवते पुन्हा उगवतात. दाट सावली मात्र त्यांना सोसत नाही. हे केवळ आपल्याकडचे नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या सूचिपर्णी वनांत नैसर्गिक वणवे दीर्घकाळ विझविले गेले, तेव्हा पाइनची रोपे कुरणांत शिरली व कुरणे आक्रसली. गवताळ माळही संरक्षणास पात्र असतो, हे आपल्या राज्याने १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित करून मान्य केले होते. आम्ही मात्र ते ध्यानी घेतले नव्हते.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही त्या माळावर गेलो. काही झाडे सरपणासाठी तुटली होती. त्या मोकळ्या जागेत मारवेल परतला आहे. शेडा अद्याप आलेला नाही. त्याचे बी आम्ही शोधीत आहोत.