क्रूझवर जाताय? आधी विचारा, करमणूक कोणाची?

आमच्या घरात क्रूझचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. बाबा म्हणाले, ‘‘चारी बाजूंना पाणी. दोन दिवस करायचं काय?’’ आईने विचारलं, ‘‘आणि जेवणाचं?’’ आजीची शंका वेगळीच होती. ‘‘मला बोट लागली तर?’’

आम्ही बडोद्याचे. आजी लग्न होऊन इथे आली ती रत्नागिरीहून. तिच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि जीव मुठीत धरून वर चढायचं. रात्री डेकवर वळकटी पसरायची, उतरायचं ते भाऊच्या धक्क्यावर. ‘‘करमणूक म्हणशील तर कोणी भजन धरायचं, कोणी पत्ते काढायचं आणि उरलेले कठड्याला धरून ओकत असायचे,’’ हे आजीचं वर्णन, जसंच्या तसं.

मी कंटेंट रायटर आहे. एका ट्रॅव्हल क्लायंटसाठी क्रूझवर लिहिताना ‘मनोरंजनाची पर्वणी’ हे शब्द मी निदान चाळीस वेळा टाइप केले असतील, तेही एकाही जहाजावर पाऊल न ठेवता. नंतर दोन क्रूझ केल्या, एक मुंबईहून आणि एक सिंगापूरहून. दोन्ही वेळा आजी बरोबर होती. इतर कंपन्यांबद्दल जे सांगणार आहे ते वाचून जमवलेलं आहे. पण काय वाचायचं आणि कोणता प्रश्न विचारायचा, हे मला आजीमुळे कळलं.

गाणी सगळ्यांना पाठ

मुंबईहून आम्ही गेलो ते कॉर्डेलिया क्रूझेसच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने. ही कंपनी भारतीय आहे आणि तिच्या सफरी सप्टेंबर २०२१मध्ये मुंबईहून सुरू झाल्या. जहाज मात्र जुनं आहे. १९९०मध्ये ते रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलं गेलं होतं, म्हणजे वयाने ते माझ्यापेक्षा मोठंच. परदेशातल्या आजच्या राक्षसी जहाजांशेजारी ते धाकटं वाटेल, पण थिएटर, पोहण्याचा तलाव, कॅसिनो, चढाईची भिंत, मुलांसाठी वेगळी जागा हे सगळं त्यावर आहे.

संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम म्हणजे थिएटरमधला हिंदी सिनेमाच्या गाण्यांवरचा शो. इथल्या ‘बल्ले बल्ले’मध्ये तर लग्नाचाच माहोल असतो. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला वाटलं, हे तर एखाद्या श्रीमंत लग्नातलं संगीत झालं, यासाठी समुद्रात कशाला यायचं? मग बाजूला पाहिलं. आजी ओठातल्या ओठात गात होती. पुढच्या रांगेतलं गुजराती कुटुंब गात होतं आणि मागे आपसात तमिळ बोलणारं जोडपंही गात होतं. कोणी कोणाला काही समजावून सांगत नव्हतं. आई तर शेवटपर्यंत बसून होती. घरी टीव्हीवर सिनेमा लागला की ती कुकरची शिट्टी, दूध, उद्याची भाजी यासाठी पाच वेळा उठते. एखादा कार्यक्रम आरंभापासून शेवटपर्यंत पाहताना मी तिला कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

आजीला बोट लागली नाही. शो संपल्यावर आम्ही डेकवर गेलो आणि गाण्याच्या भेंड्या खेळलो. ‘ळ’ आला की आजी नेहमीप्रमाणे भांडली. काळोखाकडे बघत मध्येच म्हणाली, ‘‘रत्नागिरी मागे पडली असेल आता.’’

यादी पाहून केलेली निवड

सिंगापूरला माझी आत्या राहते. पुढच्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा तिथून सुटणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या जहाजाचं बुकिंग मी केलं. निवड कशी केली? कंपनीच्या यादीत सगळ्यात जास्त गोष्टी होत्या म्हणून. घसरगुंड्या, संगीत, कॉमेडी, डिस्को, क्विझ. माझा नऊ वर्षांचा आत्येभाऊ तर केबिनमध्ये फक्त कपडे बदलायला येत होता.

पहिल्या रात्री कॉमेडी शो होता. कलाकार हुशार होता, इंग्रजी भराभर बोलत होता. मी आणि बाबा पोट धरून हसत होतो. आजीला मराठी, गुजराती आणि कामापुरतं हिंदी येतं. मी तिच्याकडे वळून पाहिलं, तर तीही हसत होती, पण सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून. आजूबाजूचे हसले की ती हसायची. मी विचारलं, ‘‘आजी, कळतंय का गं?’’ ती म्हणाली, ‘‘मजा येतेय हो, तू बघ पुढे.’’ त्यानंतर मला एकाही विनोदावर नीट हसता आलं नाही. ‘आजीला घेऊन जाऊ’ असं मीच म्हटलं होतं आणि जहाज निवडताना फक्त माझा विचार केला होता.

दुसऱ्या रात्री कसरतींचा शो होता. छतापासून सोडलेल्या रेशमी पट्ट्यांवर दोन मुली चढल्या, उलट्या लटकल्या आणि एकदम खाली आल्या. संपूर्ण थिएटरमध्ये पहिली टाळी आजीची होती. ‘‘आमच्या मल्लखांबासारखंच की!’’ असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की पुढचे चार जण वळून बघायला लागले.

आमच्या यादीतला आणखी एक मोठा शो मात्र राहिला. तो आधी अॅपवर राखून ठेवायचा असतो, हे मी वाचलंच नव्हतं. चूक माझीच.

कोणती कंपनी कोणासाठी?

घरी आल्यावर मी वेगळ्या नजरेने माहिती वाचायला लागले. प्रत्येक कंपनीच्या डोळ्यांसमोर एक प्रवासी असतो आणि करमणूक त्याच्यासाठी रचलेली असते. तो प्रवासी आपल्या घरात आहे का, हे पाहायचं.

रॉयल कॅरिबियनच्या डोळ्यांसमोर स्वस्थ न बसणारं कुटुंब आहे. समुद्रात बर्फावरचं स्केटिंग पहिल्यांदा आलं ते त्यांच्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर, १९९९मध्ये. २००९च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर जहाजाच्या मागच्या टोकाला उघड्यावरचं अॅक्वाथिएटर आलं. तिथे कलाकार उंचावरून खोल तलावात उड्या घेतात. बर्फावरचा शो आणि पाण्यातला शो या दोन्ही गोष्टींना भाषा लागत नाही, म्हणून माझ्या दृष्टीने आजी-आजोबांना न्यायला या उत्तम. याच कंपनीची ब्रॉडवे संगीतनाटकं मात्र इंग्रजीत असतात. ‘ओएसिस’वर सुरुवातीला ‘हेअरस्प्रे’ होतं, पुढे ‘कॅट्स’ आलं. माझ्यासारखीने इंग्रजी घेऊन बीए केलं असेल तर मेजवानीच, पण शेजारी बसलेल्या आईला दोन तास कानात भाषांतर सांगायची तयारी ठेवा.

आणि एक मोठी गंमत. अशा गोष्टी कंपनीच्या नसतात, जहाजाच्या असतात. रॉयल कॅरिबियनचं नाव ऐकून बर्फाचा शो पाहायला म्हणून तुम्ही त्यांच्या ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’वर गेलात, तर तिथे बर्फाचं मैदानच नाही. तिथे ‘टू सेव्हन्टी’ नावाचं दालन आहे, ज्यात रोबोच्या सहा हातांवर बसवलेले पडदे कलाकारांबरोबर हलतात. शिवाय ‘नॉर्थ स्टार’ नावाची काचेची कुपी समुद्रापासून सुमारे ३०० फूट वर नेते. तेही छानच, पण बर्फ नाही ते नाही. तेव्हा चौकशी करताना कंपनीचं नाव नका सांगू, जहाजाचं सांगा.

डिस्नी कंपनी १९९८पासून या धंद्यात आहे. तिच्या थिएटरमध्येही बोलणं-गाणं इंग्रजीतच, पण ‘फ्रोजन’ किंवा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची गोष्ट लहान मुलांना आधीच पाठ असते. कथा माहीत असली की भाषा अर्धी माफ होते. आपण रामायणावरचा कोणत्याही भाषेतला खेळ पाहू शकतो, तसंच. त्यांच्या बऱ्याच सफरींमध्ये एक रात्र समुद्री चाच्यांची असते, मोठेही वेषांतर करून डेकवर येतात आणि भर समुद्रात आतषबाजी होते. शिवाय त्यांच्या जहाजांवर कॅसिनो नाही. ‘हे पत्त्यांच्या टेबलावर बसले की उठत नाहीत’ अशी ज्यांची तक्रार आहे, त्या मैत्रिणींनी ही नोंद जरूर घ्यावी.

एमएससीबद्दल वाचताना मला सगळ्यात आनंद झाला. तिच्या जहाजांवर इटालियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश बोलणारे एकत्र असतात, सूचनाही अनेक भाषांत होतात. मग शोमध्ये बोलायचं कोणत्या भाषेत? त्यांनी सोपा मार्ग काढला, फारसं बोलायचंच नाही. गाणी, नाच, कसरती, जादू यांवर भर. २०१७च्या ‘मेराविलिया’वर तर सर्क द्यू सोलेलच्या शोसाठी खास दालन बांधलं होतं. कोविडनंतर ते शो बंद झाले, पण जहाजाच्या मधल्या गल्लीवरचं ८० मीटर लांबीचं एलईडीचं आकाश आहेच. त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायला तिकीट लागत नाही.

नॉर्वेजियनने २०१७मध्ये ‘जॉय’ जहाजाच्या डेकवर चक्क गो-कार्टचा ट्रॅक आणला. कॉलेजच्या मुलांसाठी धमाल, आमच्या घरात कोणाच्या कामाचा नाही.

बाबांनी मात्र क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’चं वर्णन दोनदा वाचलं. २००४पासून फिरणाऱ्या या जहाजावर तारांगण आहे, हजारो पुस्तकांचं ग्रंथालय आहे, दिवसा व्याख्यानं आणि रात्री सूट-गाऊन घालून मोठ्या दालनात बॉलरूम नृत्य. जोडीदार नसलेल्या बायकांना नाचायला सोबत म्हणून कंपनी पुरुष यजमान ठेवते. हे ऐकून आई म्हणाली, ‘‘तुम्ही तारे बघा, मी नाचते.’’ अशीच शांत व्हायकिंग कंपनीची समुद्री जहाजं. इतिहासावरची व्याख्यानं, वाद्यसंगीत, कॅसिनो नाही आणि अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. मुलं असतील तर हे नाव आधीच खोडून टाका. मुलं परदेशी गेलेल्या आणि निवृत्त झालेल्या जोडप्यांनी मात्र त्यावर गोल करून ठेवावा.

थोडं खिशाचं, थोडं पोटाचं

थिएटरमधले मुख्य शो बहुतेक कंपन्यांच्या भाड्यात येतात. सगळेच येतात असं नाही. काही खास शो, गो-कार्टसारखे खेळ, व्हिडिओ गेम्स, इंटरनेट यांचे पैसे वेगळे लागतात. मुलांच्या कार्डावरून खर्च होऊ द्यायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून ठेवा. आत्येभावामुळे आत्याला हे शेवटच्या दिवशी बिल बघून कळलं. जहाज बंदरात असताना कॅसिनो आणि दुकानं बंद असतात, म्हणून बंदराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत जहाज ओकंबोकं वाटू शकतं.

जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर शोही दोनदा होतो. पहिल्या पाळीला जेवून उशिराचा शो पाहणं ज्येष्ठांना जड जातं, आजी एकदा खुर्चीतच झोपली होती. शो आधी, जेवण नंतर हे जमतं का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

आता बोट लागण्याबद्दल. मुख्य थिएटर बहुधा जहाजाच्या पुढच्या टोकाकडे असतं आणि हेलकावे टोकांना जास्त जाणवतात. ज्यांना त्रास होतो त्यांनी मागच्या रांगेत, वाटेच्या कडेला बसावं, म्हणजे उठून जाता येतं. समुद्र खवळला तर हवेतल्या कसरती आणि उंचावरच्या उड्या रद्द होतात. तेव्हा रागावू नका, त्या पट्टीवर लटकणारी मुलगीही कोणाची तरी लेक आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी आजीला वाचून दाखवला. बर्फाचं मैदान, तारांगण, रोबोचे हात, आतषबाजी. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा पुसत म्हणाली, ‘‘सगळं चांगलं आहे गं. पण यातली कुठली रत्नागिरीला थांबते?’’